कुलूपवाल्याची दोन दारं

४ मार्च

भुंग्या,

हा पत्ता खरा आहे की नाही मला ठाऊक नाही. सायकलवाल्याच्या मुलाने दिला. "काकू, मी दिला म्हणून कळवू नका हं," असं दहादा बजावलं त्याने, आणि मी पहिल्याच ओळीत त्याला उघडं पाडून बसले. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले होते. गिऱ्हाईकं बिचकायला लागली, मग त्याचा नाइलाज झाला.

मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, दुसरं काही नाही. दुकान सकाळी उघडते, जेवणाच्या वेळेला बंद करते. तुझ्या बाबांसारखी अडलेली कुलपं सोडवायला मला येत नाहीत. मी आपली किल्लीवरून किल्ली काढून देते. मशीनच काय ते काम करतं, मी नुसती धरून बसते.

कळवायचं ते हे, की समोरचा सुटून आला.

मंगळवारी आणला. गल्लीत पाइप टाकायला खणलंय म्हणून गाडी कोपऱ्यावरच थांबली. मग दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून आणलं. मी काउंटरमागे होते. इतकी वर्षं मला वाटायचं, तो नजरेला पडला की माझ्या हातून काहीतरी होईल. हातोडी समोरच होती. पण त्या खुर्चीत जे होतं ते इतकुसं होतं रे. स्वेटरात गुंडाळलेलं, मान एका बाजूला पडलेली. ट्रकच्या पायरीवर पाय न ठेवता केबिनमध्ये चढायचा तो, एवढा आडदांड माणूस! तुरुंगाने पार पिळून काढलाय. नर्सबाई नवऱ्याची उशी छातीशी धरून मागून चालत होत्या.

गल्लीत सगळ्यांनी दारं लावून घेतली. त्या तीन दिवसांत वरच्या वस्तीतली माणसं सुरे घेऊन ज्या ट्रकमधून खाली उतरली तो ट्रक त्याचा, आणि आपल्या खालच्या वस्तीतली मेलेली माणसं ज्यातून नेली तोही त्याचाच. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाहेर कुठे गेलं आणि गावाचं नाव सांगितलं, की लोक अजून डोळे मोठे करतात. "ते तीन दिवस झाले तिथलेच का तुम्ही?" जसं काही आम्ही तिकीट काढून बघायला गेलो होतो.

मी त्याच्या घरी गेले नाही आणि जाणारही नाही. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी आई


२३ मार्च

भुंग्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते पत्र पेटीत टाकलं तेव्हा मी समोर दोनदा जाऊन आले होते.

त्याचं असं झालं. नर्सबाई दुकानात आल्या. काउंटरला टेकून उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाल्या, "वहिनी, माझी कंबर गेली आहे. त्यांची कूस बदलायची तर एकटीने होत नाही. पाठीला जखमा पडायला लागल्यात. गल्लीतलं कोणी उंबरा ओलांडत नाही. तुम्ही येऊ नका. पण कोणी कामाची बाई माहीत असेल तर सांगा."

बाई मिळाली नाही. त्याचं नाव सांगितलं की बायका कानावर हात ठेवतात.

नर्सबाईंचं नाव काढलेलं तुला खपत नाही, मला माहीत आहे. घर सोडलंस त्या दिवशी तू काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. नवऱ्याच्या पापावर पांघरूण म्हणून तिने आपल्याला वाचवलं, आणि आपण ते जन्मभर अंगावर घेऊन बसायचं का? असं म्हणाला होतास. मला एवढंच आठवतं, की तिच्या कोळशाच्या खोलीत तुला खोकला आवरत नव्हता, मी तुझं तोंड माझ्या पोटात दाबून धरलं होतं, आणि बाहेर ती उगाच भांडी आपटत होती. मोठमोठ्याने, वेड्यासारखी. तिचा नवरा अंगणात तिला ओरडत होता, "काय चाललंय तुझं?" आणि ती म्हणत होती, "घासतेय, दिसत नाही?"

तर मी गेले. माझा हात त्याच्या खांद्याखाली घातला, नर्सबाईंनी पाय धरले, आणि त्याला भिंतीकडे वळवलं. घरी येऊन हात धुतले. साबण संपेपर्यंत धुतले असं लिहिणार होते, पण तसं काही नाही. एकदाच धुतले आणि जेवायला बसले.

आता रोज जाते. का जाते ते सांगते, म्हणजे तू भलतंसलतं मनात आणणार नाहीस. दया आली म्हणून नाही.

त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळून चालली आहे. पोटच्या मुलीला ओळखत नाही. मला तो नर्सबाईंची थोरली बहीण समजतो, अक्का म्हणतो. ती अक्का केव्हाच वारली. मी त्याला तसंच समजू दिलंय. कोर्टात वकिलांनी जंग जंग पछाडलं, तरी त्या ट्रकमधली माणसं कुठे नेऊन टाकली हे त्याने सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांना कुठे ठेवलंय, हे या जगात आता त्या एका डोक्यात आहे, आणि ते डोकं रोज थोडं थोडं रिकामं होतंय.

आणि दुसरंही आहे. शाळेत पोरं तुला काय म्हणून हाक मारायची ते तू मला एकदाच सांगितलंस. दारं उघडणाऱ्याचा पोरगा. त्या तीन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लोकांबरोबर ह्यांना चालत जाताना कोणीतरी पाहिलं होतं. खांद्याला अवजारांची पिशवी होती, आणि हात बांधलेले नव्हते. एवढ्यावरून गावाने जे काय समजायचं ते समजून घेतलं. तू मला विचारलंस, "बाबांनी उघडली का लोकांची दारं?" मी म्हणाले, नाही. तू म्हणालास, "तुला काय माहीत?"

खरंच होतं. मला काय माहीत होतं?

आई


१७ एप्रिल

भुंग्या,

बोलला तो.

नर्सबाई औषध आणायला गेल्या होत्या. मी त्याला चमच्याने पेज भरवत होते. मी इतक्या दिवसांत बरंच काही विचारून पाहिलं होतं, पण तो नुसता बघायचा. परवा सहज म्हटलं, "ट्रक चांगला होता हं तुझा." तर चेहराच उजळला.

"क्लच जड होता, अक्का. दुसऱ्या कोणाला झेपायचा नाही."

"कुठे कुठे नेलास तो?"

"सगळीकडे. बर्फाच्या कारखान्यालाही नेला होता."

चमचा मी भांड्यात ठेवला. म्हटलं, "बर्फ आणायला?"

"बर्फ कसला! आत माणसं दडली होती. लोखंडी दार, हे एवढं जाड. पहारीने हलेना. म्हणून कुलूपवाल्याला बरोबर नेला होता ना."

"मग उघडलं त्याने?"

तो हसला, भुंग्या. दात नाहीत आता, नुसत्या हिरड्या. "कसलं उघडतोय! आकडा घातला कुलपात, इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आम्हाला वाटलं आता उघडणार. आणि कडकन मोडला त्याने. आतल्या आत. तुकडा रुतून बसला. मग कोणाचा बाप उघडतो ते? मला स्टिअरिंगवर हसू आलं, अक्का. म्हटलं, काय डोकं लढवलंय पठ्ठ्याने! पण आमचा म्होरक्या खवळला ना."

पुढचं तो हाताने करून दाखवू लागला. मी त्याचा हात धरून खाली ठेवला.

"पायरीवरच?" मी विचारलं.

"पायरीवरच."

"आणि मग कुठे नेलंस त्याला?"

"चुनाभट्टीच्या खड्ड्यात. सगळ्यांना तिथेच. वर चुना ओतला." मग म्हणाला, "पाणी दे."

मी पाणी दिलं. काय करणार? तोंडाशी पेला धरला, सांडलेलं पुसलं, आणि नर्सबाई येईपर्यंत बसले.

बर्फाच्या कारखान्यातली सगळी माणसं वाचली होती, तुला आठवत असेल. दूधवाल्याचं अख्खं घर, शाळेतल्या बाई, त्यांची म्हातारी आई, किती तरी पोरंबाळं. कुलूप गंजलं होतं म्हणून उघडलं नाही, असंच आजवर सगळे धरून चालले होते. नशीब म्हणायचे. नशीब नव्हतं ते. तुझे बाबा होते.

दुकानात येऊन बसले तर एक बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला उभी होती. करून दिली. लागेना म्हणून परत आली. दुसरी करून दिली.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन जागा सांगितली. भट्टी पाडून आता तिथे नगरपालिका कचऱ्याच्या गाड्या उभ्या करते. साहेबांनी दोनदा विचारलं, "तो शुद्धीवर होता का?" मी म्हटलं, तुमच्या-माझ्याइतका नाही, पण क्लच जड होता हे त्याला आठवतंय.

एवढंच बोलला तो.

आई


१० जून

भुंग्या,

गाड्या हलवल्या आणि खणायला सुरुवात केली. पहिले काही दिवस नुसती माती आणि विटांचे तुकडे निघाले. लोक माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू म्हातारीने सगळ्या गावाला उन्हात उभं केलंय. मग पांढरा थर लागला.

हाडांच्या डॉक्टरीणबाई शहरातून आल्यात. तरुण आहे मुलगी, उन्हाने नाक सोललंय. मला आजी म्हणते. कुंचल्याने माती झाडते, अगदी हलक्या हाताने, बाळाचं तोंड पुसावं तसं. मी दोरीच्या बाहेर स्टूल टाकून बसते. एकदा म्हणाली, "आजी, तुम्ही रोज कशाला येता? बघवतं का तुम्हाला?" मी म्हटलं, इतकी वर्षं न दिसण्याची सवय झाली होती, आता जरा बघू दे.

बरेच जण आहेत एकात एक. कोण कुठला ते नुसत्या डोळ्यांनी कळण्यासारखं नाही. त्यासाठी नातेवाइकांच्या रक्ताशी ताडून बघतात. मी लगेच हात पुढे केला, तर ती म्हणाली, "तुमचं चालायचं नाही, आजी. बायकोचं रक्त वेगळं असतं." बघ, एवढा संसार केला, पण परकी ती परकीच! तुझ्या बाबांच्या मागे बहीण-भाऊ कोणी नाही. म्हणजे तूच उरलास.

तिने लिहून दिलेला कागद सोबत आहे. तुझ्या गावातल्या कुठल्याही इस्पितळात तो दाखवलास की ते पुढचं करतात म्हणे. इथे यायची गरज नाही. माझ्याशी बोलायचीही गरज नाही. बोटाला टोचून घ्यायचं, बस.

समोरचा गेला. गेल्या रविवारी, झोपेतच. उचलायला माणसं मिळेनात. शेवटी त्याच्या मुलीबरोबर कामाला असणारे चौघं आले. मी गेले नाही. माझ्या दारात उभी राहिले, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत. वाईट वाटलं का, तर नाही वाटलं. पण आता विचारायला कोणी उरलं नाही हे मनात आलं. संध्याकाळी नर्सबाईंकडे जेवण घेऊन गेले. त्या पलंगाची गादी काढून टाकत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला त्यांनी सांगितलं. मी त्यांना इतकी वर्षं तुरुंगात जाऊन जाऊन विचारलं, मला नाही सांगितलं."

मी म्हटलं, "मलाही नाही सांगितलं. अक्काला सांगितलं."

आई


२ ऑगस्ट

भुंग्या,

डॉक्टरीणबाई दुकानाच्या दारात येऊन म्हणाली, "आजी, तुमच्या मुलाचं आलं."

मला वाटलं पत्र आलं. हातातली किल्ली टाकून उठले. मग ती म्हणाली, "रक्त आलं." तेही काही कमी नाही. पत्रापेक्षा ते जास्तच झालं म्हणायचं. मी तिला आत घेतलं आणि चहा केला, तर साखर घालायचीच विसरले. तिने तसाच प्यायला बिचारीने.

मग काल निकाल आला. आहेत. तुझे बाबा आहेत तिथे.

मी रडले का, असं तू विचारणार नाहीस, पण सांगते. नाही रडले. त्यांची उंची विचारली. तिने सांगितलेली उंची बरोबर होती. मग रडले.

आता गावभर झालंय. जे लोक माझ्याकडून किल्ली करून घेताना नजर चुकवायचे ते दुकानात येऊन पाया पडायला लागलेत. स्मारक समितीचे अध्यक्ष आले होते. आता मोठे कंत्राटदार आहेत, पण त्या वेळी सात वर्षांचे होते आणि बर्फाच्या कारखान्यात आईच्या मांडीवर होते. माझ्या काउंटरवर डोकं ठेवून रडला तो माणूस. म्हणाला, "काकू, आम्ही आतून ऐकलं होतं. कट्ट असा आवाज आला होता. माझी आई म्हणाली होती, उघडलं." मग रुमाल काढून म्हणाला, त्यांच्या नावाचा दगड बसवायचा, वर मोठ्या अक्षरांत लिहायचं, ज्याने दार उघडलं नाही तो वीर.

भुंग्या, आता जे लिहिते ते नीट वाच. मागे मी लिहिलं होतं, की एवढंच बोलला तो. एवढंच नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला होता, "शिंप्याचं दार मात्र चट उघडलं होतं त्याने."

सकाळी, कारखान्याच्या आधी. शिंपी, त्याची बायको, दोन मुलगे, चौघंही आत होते. थोरली मुलगी मावशीकडे होती म्हणून वाचली. मी त्याला विचारलं, "आपण होऊन उघडलं?" तर म्हणाला, "मानेला सुरा होता ना." थोड्या वेळाने म्हणाला, "आत कोणी आहे का, असं विचारत होता सारखा. आम्ही म्हटलं, कोणी नाही, शिलाईची मशीनं तेवढी न्यायचीत." मग डोळे मिटले त्याने.

हे खरं किती, मला कळत नाही. मला बरं वाटावं म्हणून बोलला म्हणावं, तर मी कोण हेच त्याला माहीत नव्हतं. ह्यांना खरंच वाटलं असेल का, की घर रिकामं आहे? की तसं वाटून घेतलं? मी रोज दोन्ही धरून बघते. एवढं मात्र कळतं, की त्या दारातून काय झालं ते त्यांनी पाहिलं, आणि पुढच्या दाराशी गेल्यावर आकडा मोडला.

तू मला विचारलं होतंस, त्याचं हे उत्तर आहे. हो, एक दार उघडलं. मी तेव्हा नाही म्हणाले ते चुकलं.

मी अध्यक्षांना हे सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "काकू, ते कशाला आता उकरून काढता? तो म्हातारा मेला, कुणाला कळणार आहे?"

"शिंप्याच्या मुलीला कळायला नको?"

"तिला उलट त्रासच. आणि आमच्या सगळ्यांच्या जिवापुढे..."

मी म्हटलं, दगडावर नुसतं नाव घाला. वीर-बीर काही नको. ते नाराज होऊन गेले. पायरीवरून परत वळून मला नमस्कार केला आणि मग गेले.

तुलाही मी हे लपवू शकले असते. तू इतकी वर्षं ज्या बापाची लाज धरलीस, त्याचा एकदम वीर झाला असता. मग कदाचित आला असतास. असा आलेला मला नको होतास.

आई


२४ ऑगस्ट

भुंग्या,

शिंप्याच्या मुलीकडे जाऊन आले. तुला ती आठवते का? तुझ्याहून थोडी मोठी. वडिलांच्याच जागेत कपडे शिवायचं दुकान चालवते. माझे ब्लाउज तीच शिवते, आणि गुडघ्यांमुळे मला हेलपाटे नकोत म्हणून घरी येऊन माप घेते.

गेले तेव्हा शाळेचा गणवेश शिवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगवलं नसतं. तिने मशीन थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, कपडा घडी करून ठेवला.

मग म्हणाली, "मला वाटायचं, दार फोडून आले असतील. म्हणजे आवाज झाला असेल, वेळ लागला असेल, आईला धाकट्याला जवळ घ्यायला तरी मिळालं असेल. दार नुसतंच उघडलं?"

मी हो म्हटलं.

"कुलूप तुमच्याच दुकानातलं होतं, काकू. आदल्या आठवड्यात बाबांनी आणलं होतं. काका म्हणाले होते, हे कोणाला उघडायचं नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही आता जा." दारापर्यंत सोडायलाही आली, इतकी सवय आहे तिला तशी. मी रस्त्यावर आले तरी तिचं मशीन सुरू झालेलं ऐकू आलं नाही.

ह्यांना सात सप्टेंबरला सकाळी मातीत ठेवणार आहोत, नदीपलीकडच्या जागेत, बाकीच्या सगळ्यांबरोबर. नर्सबाईंनी विचारलं, "मी येऊ का?" मी म्हटलं, माझ्या बाजूने या, बाकीच्यांचं मी काही सांगू शकत नाही. "मग नको," म्हणाल्या.

तुला कळवलं.

आई


२१ सप्टेंबर

भुंग्या,

सात तारखेला तू नदीपलीकडच्या फाटकाजवळ उभा होतास आणि मी तुला ओळखलं नाही. मला वाटलं, शहरातला कोणी पत्रकार असेल. केस इतके विरळ झालेत तुझे! अगदी तुझे आजोबा. मग तू चप्पल काढून आत आलास, आणि तुझं ते एक पाऊल किंचित आत वळतं ना, तेव्हा कळलं.

"कशी आहेस?" एवढं तू म्हणालास आणि "बरी आहे" एवढं मी. लोकांना वाटलं असेल, कसले मायलेक आहेत! पण बाबांच्या हाडांचा खोका खाली ठेवताना तू माझ्या कोपराला धरलंस ते मला अजून जाणवतंय. खोका किती हलका होता, नाही? तुलाही तेच वाटलं असणार. तू त्याच्याकडे बघत राहिलास आणि दुसऱ्या हाताने पण धरलास, पडेल म्हणून नव्हे.

बर्फाच्या कारखान्यातली माणसं सगळी आली होती, त्यांची मुलं, नातवंडंसुद्धा. एवढी माणसं त्या एका दारामागून आली, हे एकत्र उभी राहिल्याशिवाय कळलं नसतं. शिंप्याची मुलगी आली नव्हती. मी वाट बघत नव्हते, पण बघत होते.

रात्री तू तुझ्या जुन्या खोलीत झोपलास. सकाळी उठून पाहते तर गादी गुंडाळलेली. बस तर उशिराची होती. मला राग आला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, दोन घास खाऊन जायचं तरी. नर्सबाईंनी तुला खिडकीतून जाताना पाहिलं. मला विचारत होत्या, "त्याचा खोकला आता बरा असतो ना?" मी हो म्हणाले. खरं तर मला काय माहीत?

काल शिंप्याची मुलगी दुकानात आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत ती थांबली आणि मग स्टुलावर बसली.

म्हणाली, "तुमचा मुलगा माझ्याकडे आला होता. सकाळीच. माझं शटर अडकलं होतं, त्याने वर ढकलून दिलं. मग म्हणाला, मी कुलूपवाल्याचा मुलगा. मी म्हटलं, दिसतंच आहे. नुसता उभा. मी म्हटलं, बसा. मला वाटलं, आता हा माफी मागणार, आणि मी काय म्हणायचं? पण तसं नाही काही बोलला. म्हणाला, तुमच्या घरातली माणसं कशी होती ते सांगाल का?"

ती काउंटरवरच्या किल्ल्या एका बाजूला सारत होती, परत मधे आणत होती.

"काकू, कोण कोण मेलं ते सगळे विचारतात. दरवर्षी पेपरवाले येऊन विचारतात. कशी होती ते कोणी विचारत नाही. मी सांगत सुटले हो. थोरल्याला गणित यायचं नाही आणि तो मलाच पाटी आणून द्यायचा, ते सांगितलं. धाकटा जेवताना शिट्टी वाजवायचा, ते सांगितलं. बाबा गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या करायचे, ते सांगितलं. आईचं राहिलं. तेवढ्यात त्याची बस निघायची वेळ झाली."

मग उठली. पदर झटकला, दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "तो परत कधी येणार आहे?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत गं."

"मग विचारा ना," म्हणाली.

म्हणून विचारते आहे. तिला आईचं सांगायचं राहिलंय. कधी येतोस?

तुझी आई